मनात धरलेली शिटी

मशीन सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील नसतील, आतून काहीतरी आपटायला लागलं. धप्. मग पाण्याची खळखळ, आणि पुन्हा धप्. आमच्या इमारतीच्या तळघरात धुण्याची दोनच मशीन आहेत आणि सोमवारी संध्याकाळी पहिल्या मशीनचा नंबर माझा असतो. दुसऱ्या मशीनपाशी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई उशांचे अभ्रे झटकत उभ्या होत्या. त्यांनी आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खिशात राहिलंय काहीतरी तुमच्या," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, किल्ल्या तर हातात आहेत. "मग आणखी काही असेल. आमच्या ह्यांचंही असंच. पुरुषांच्या कपड्यांना खिसे शिवूच नयेत." एवढं बोलून त्या टोपली उचलून वर गेल्या, आणि मी गोल काचेसमोरच्या बाकावर बसलो. मशीनचं दार एकदा लागलं की धुणं संपेपर्यंत उघडत नाही. अजून अडतीस मिनिटं होती.

मी खिसे तपासतो. आठ महिन्यांत एवढी एक गोष्ट शिकलोय. पूर्वी ते काम बायको करायची, आणि माझ्या खिशांतून निघालेल्या वस्तू स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं मांडून ठेवायची, पोलिसांनी मुद्देमाल मांडावा तशी. पण काल रविवार होता आणि रविवारचे कपडे मी पिशवीतून काढून तसेच मशीनमध्ये कोंबले होते, खिशांना हातही न लावता. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा आणि काळी पँट. पंचाचा गणवेश. पाचव्या की सहाव्या धप्‌ला माझ्या लक्षात आलं की हा आवाज मला चांगला ठाऊक आहे. नाण्यांचा आवाज कोरडा असतो, किल्ल्यांचा किणकिणता. हा ठोस होता, बोथट. एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी मी हा आवाज ऐकत आलोय, फळ्यांच्या कुंपणावर येऊन आदळणाऱ्या चकतीचा. आतमध्ये आइस हॉकीची चकती होती, काळ्या रबराची, तळहातावर मावेल एवढी. ती माझ्या खिशात कशी आली हे मला कळेना, आणि मग कळलं.

पोटापाण्यासाठी मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. हे खेळाडूंना कळलं त्या दिवसापासून माझी धडगत नाही. जगातल्या प्रत्येक पंचाला लोक चष्मा लावायला सांगतात, मला सांगताना वर दुकानाचा पत्ताही देतात. मी हसत नाही. बर्फावर मी हसत नाही, गप्पा मारत नाही, कुणाच्या मुलाबाळांची चौकशी करत नाही. खेळाडू तरी कोण, नळ जोडणारे, हिशेबनीस, शाळामास्तर. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. बर्फ स्वस्तात मिळतो म्हणून रविवारी साडेसहाला येतात आणि एकमेकांना ढकलून, धापा टाकून, आनंदानं घरी जातात. त्या आनंदात माझं काम एवढंच की तो नियमात बसवायचा. माझ्याशी बोलायचं तर दोन्हीकडच्या कॅप्टननी बोलायचं, इतरांनी नाही. असं पुस्तकात आहे. इतर पंच ते फारसं मनावर घेत नाहीत. मी घेतो. दोन वर्षांपूर्वी हिरव्या संघाच्या एका गवंड्यानं माझ्याजवळ येऊन "साहेब, वेळ किती राहिला?" एवढंच विचारलं होतं, तर मी त्याला दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसवलं होतं. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. बायकोला घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, वेळच विचारला ना त्यानं?"

तोच गवंडी. त्याला सगळे खांब म्हणतात, कारण तो आपल्या गोलसमोर उभा राहतो तो उभाच राहतो, आणि लोक त्याच्यावर येऊन आपटतात. अकरा हंगाम खेळतोय आणि अकरा हंगामांत त्याच्या नावावर एक गोल नाही. त्याची त्याला खंत आहे असं कधी दिसलं नाही, पण सामन्याच्या आधी सरावात तो रिकाम्या जाळीत चकती मारतो आणि ती आत गेली की क्षणभर तिच्याकडे बघत राहतो. हे मी बघितलेलं आहे. पंचाला बघण्यावाचून दुसरं काम काय असतं?

धप्. काल दुसरा पंच आला नव्हता, त्याला ताप होता, म्हणून मी एकटाच होतो. पांढरे एका गोलनं पुढे होते आणि शेवटची दोन मिनिटं राहिली होती. हिरव्यांना बरोबरी पुरली असती, तेवढ्यावर ते शेवटच्या फेरीत गेले असते. पांढऱ्यांच्या गोलसमोर झोंबाझोंबी झाली, पाचसहा जण एकमेकांवर पडले, गोलकीपर पालथा झाला आणि चकती त्याच्या पोटाखाली गेली. अशा वेळी काय करायचं हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पंचाला चकती दिसेनाशी झाली की शिटी. शिटी माझ्या बोटांत अडकवलेली असते, ओठांपर्यंत न्यायला अर्धा सेकंद लागतो. पण माझं लक्ष तिथं नव्हतं. काचेपलीकडे प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून एक बाई खाली उतरत होती. ओळखीची नव्हती, कुणा खेळाडूची बायको असेल. एका हातात पिशवी, दुसरा हात कठड्यावर, एक पाय खालच्या पायरीवर टेकवायचा, मग दुसरा त्याच्याशेजारी आणायचा, मग थोडं थांबायचं. मी तिच्याकडे बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. नजर परत आणली तेव्हा चकती गोलकीपरच्या कोपराखालून सुटून मोकळी पडली होती आणि गवंडी, कधी नव्हे तो आपला गोल सोडून पुढे आलेला, तिच्यासमोर उभा होता. त्यानं ती मारलीही नाही, थापीनं माल पुढे सारावा तशी सारली. ती रेषेपार गेलेली मी स्वच्छ बघितली. मग शिटी वाजवली, गोलसाठी वाजवतात ती. हिरवे सगळे त्याच्या अंगावर कोसळले.

तेवढ्यात पांढऱ्यांचा कॅप्टन आला. बँकेत आहे, बोलणं अगदी मऊ. "साहेब, दोन सेकंद पूर्ण झाकलेली होती. तुम्हाला दिसत तरी होती का?" दिसत नव्हती, हे खरंच होतं. आपण बघत नव्हतो, हे सांगायची मला लाज वाटली. सरळ म्हणायला हवं होतं की माझी चूक झाली, शिटी राहिली, गोल गोलच आहे. पण पुस्तकात एक नियम आहे, फार थोड्यांना ठाऊक असलेला: पंचानं खेळ थांबवायचं मनात धरलं, की त्या क्षणी खेळ थांबला. शिटी मागाहून वाजली तरी चालते. माणसाचा हात मनापेक्षा सावकाश चालतो म्हणून केलेला नियम आहे, मोठा समजूतदार. मी म्हणालो, "मी आधीच थांबवायचं ठरवलं होतं. शिटीला उशीर झाला. गोल नाही." इतक्या सहज म्हणालो की ते ऐकता ऐकता मलाही पटलं. गवंड्यानं वर केलेली स्टिक हळूहळू खाली आणली. त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, खाली कुठेतरी होती. मला वाटलं, बिचारा लाजला.

आता मशीनसमोर बसून मला कळलं की तो कुठे बघत होता. आमच्याकडे एक पद्धत आहे. कुणाचा आयुष्यातला पहिला गोल झाला की ती चकती पुन्हा खेळात घ्यायची नाही. पंच ती जाळीतून काढून खिशात टाकतो, वेळ बघणाऱ्याच्या टेबलाशी बर्फाच्या डब्यात ठेवलेली दुसरी घेतो, आणि सामना संपल्यावर पहिलीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून, वर तारीख लिहून त्या माणसाच्या हातात देतो. एकोणीस वर्षांत मी अशा चाळीसएक तरी चकत्या दिल्या असतील. पन्नाशीची माणसं ती चकती घेताना कशी बघतात ते सांगायला नको. एरवी मी खिशात चकती कधीच ठेवत नाही, मांडीला गार लागते. खेळ थांबवायचं खरोखरच माझ्या मनात आलं असतं तर मी तीच चकती उचलून खेळ पुन्हा सुरू केला असता. पण कॅप्टन यायच्या आधीच माझ्या हातानं ती जाळीतून काढून खिशात टाकली होती, गवंड्याचा पहिला गोल म्हणून. हाताला ठाऊक होतं. मनात धरलं होतं वगैरे सगळं नंतरचं, कॅप्टननं विचारल्यावर जुळवलेलं. मी खोटं बोललो होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे दीड दिवस मला ते खरं वाटत होतं.

अंगातल्या सदऱ्याच्या खिशात सेक्रेटरीबाईंनी दुकानात पाठवलेला फॉर्म होता. सकाळी दुकानात त्यांचा फोन येऊन गेला होता. लीगचं सगळं त्याच बघतात, शाळेतून निवृत्त झाल्यात आणि आम्हा पंचांना अजून पाचवीतली मुलं समजतात. हिरव्यांनी तक्रार दिली होती. "काही नाही हो, एक ओळ भरायचीय," त्या म्हणाल्या होत्या. "चकती रेषेपार जाण्यापूर्वी खेळ थांबवण्याचा निर्णय झाला होता का? हो किंवा नाही. 'हो' लिहा, सही करा आणि मोकळे व्हा. निकाल काही बदलत नाही, कागदावर एकदा चढला की चढला." मी विचारलं, आणि नाही लिहिलं तर? त्या म्हणाल्या, "तर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल. निर्णय खोटा सांगितला असा अर्थ होतो त्याचा. पण तुम्ही कशाला नाही लिहाल?" मंगळवारी संध्याकाळपर्यंत फॉर्म हवा होता. तेव्हा मला ते केवळ एक काम वाटलं होतं. आता वाटलं, रविवार गेला तर आपल्याकडे काय उरतं? दुकानात दिवसभर मी मागच्या खोलीत असतो, मशीनच्या घरघरीत. घरी कुणी नाही. आठवड्यातून एकदा वीस माणसं माझ्यावर ओरडतात, आणि ती ओरडली की मला जरा बरं वाटतं.

धप्. मशीन आता उलटं फिरायला लागलं होतं. बायको गेली त्या दिवशी आमचं भांडण झालेलं नव्हतं. भांडणासाठी दोन माणसं लागतात असं ती म्हणायची. "या घरात मी बोलते आणि भिंती ऐकतात," असंही म्हणायची, आणि मी त्यावर काय बोलावं याचा विचार करीपर्यंत ती दुसऱ्या कामाला लागलेली असायची. बहिणीकडे राहायला जाते म्हणाली. किती दिवस, हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. आमचं घर पहिल्या मजल्यावर. मी दारापुढच्या चौथऱ्यावर उभा होतो आणि ती पिशवी घेऊन जिना उतरत होती. त्याआधीच्या हिवाळ्यात ती बर्फावरून घसरून पडली होती आणि गुडघा सुजला होता, म्हणून एकेक पायरी उतरत होती, दोन्ही पाय टेकवून. जिन्याच्या वळणावर थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, वर बघितलं. मग पुढे गेली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. थांब म्हणायचं माझ्या मनात होतं. हे मी मेहुणीला सांगितलंय, दुकानाच्या मालकाला सांगितलंय, कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. एकदा फोनवर तिलाही सांगितलं, की मी म्हणणारच होतो. ती म्हणाली, "अहो, तुमच्या मनातलं मला कसं ऐकू येणार?" मला तेव्हा तिचा राग आला होता. मनात आलं ते आलं, तोंडाला उशीर झाला एवढंच, याची काही किंमत आहे की नाही?

मशीन थांबलं. दार उघडायला आणखी एक मिनिट लागतं, ते मी उभ्यानं काढलं. चकती पँटच्या उजव्या खिशात होती. गरम होती. एवढ्या वर्षांत माझ्या हातात गरम चकती कधी आली नव्हती, आणि ती तशी हातात धरून मी ओल्या कपड्यांसमोर बराच वेळ उभा राहिलो. रडू आलं, असं लिहायला संकोच वाटतो, पण आलं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत गवंड्याला शोधत गेलो. हिरव्यांच्या यादीवर त्याच्या कामाचा फोन होता, तिथल्या मुलीनं पत्ता दिला. एका जुन्या इमारतीच्या जिन्याला तो नवा गिलावा करत होता, तिसऱ्या मजल्यापाशी, गुडघे टेकून. बर्फावर तो केवढा थोरला दिसतो. इथे डोक्याला रुमाल बांधलेला, पापण्यांवर धूळ बसलेला, एक मध्यम चणीचा माणूस होता. मला बघून उठायला लागला. "साहेब? इकडे कुठं?"

मी चकती पुढे केली. सकाळी तिच्या कडेला पांढरी पट्टी गुंडाळली होती, वर रविवारची तारीख घातली होती. "ही तुमची," मी म्हणालो.

त्यानं हात वर करून दाखवले, कोपरापर्यंत माल लागलेला. चकतीकडे बघत राहिला, सरावात रिकाम्या जाळीकडे बघायचा तसा.

"तो गोल होता," मी म्हणालो. "मी आधी काही ठरवलं नव्हतं. मी बघतच नव्हतो."

"गोल होता ते माहीत आहे की," तो म्हणाला. "तुम्ही खिशात टाकलीत तेव्हाच मी म्हटलं, झाला आपला एकदाचा. आणि मग तुम्ही म्हणालात, नाही झाला."

"तुम्ही बघितलं होतं?"

"मी दुसरीकडे कुठं बघणार होतो?"

"मग बोलला का नाहीत?"

तो हसला. त्या हसण्यात काही खोच नव्हती, तेच मला झोंबलं. "पंचाशी कॅप्टननं बोलायचं. मागे एकदा बोललो तर दोन मिनिटं बसवलं होतंत मला." थापी फळीवर पुसून तो पुढे म्हणाला, "आणि बोलून तरी काय? तुम्ही म्हणालात मनात होतं. आता तुमच्या मनात मी शिरू का?"

मी म्हणालो की आज फॉर्मवर खरं ते लिहून देणार आहे. त्यानं थोडा विचार केला. "मग गोल लागतो आमचा?"

"नाही. निकाल बदलत नाही."

"आणि तुमची शिटी?"

"ती जाते."

"म्हणजे मला गोल नाही, आणि तुम्हाला शिटी नाही," तो म्हणाला. "मग कशाला, साहेब?"

मी चकती तशीच पुढे धरून उभा राहिलो. त्यानंही जास्त ताणलं नाही. बादलीत हात बुचकळून, विजारीला पुसून त्यानं चकती घेतली, उलटसुलट केली, नाकाशी नेली. "साबणाचा वास येतोय हिला," तो म्हणाला, आणि मी सांगितलं की ती मशीनमध्ये धुतली गेली, तसा तो एवढ्या मोठ्यानं हसला की वरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मीही हसलो. हसताना लक्षात आलं की आपण बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी बोलतोय, आणि सुट्टी संपत आली होती. "भिंतीला हात लावू नका, ओली आहे," तो मागून म्हणाला. "पायऱ्यांवरही माल सांडलाय. सावकाश उतरा."

म्हणून मी सावकाश उतरलो. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवून. असा जिना उतरायला फार वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं. वळणापर्यंत येईतो मागून गवंड्यानं पुन्हा गुणगुणायला सुरुवात केली होती, थापीचा खर्रखर्र आवाज येत होता, आणि मी अजून अर्ध्यातच होतो. एवढ्या वेळात माणूस काहीही बोलू शकतो. थांब तर किती लहान शब्द आहे. मी वळणावर उभा राहिलो आणि त्या दिवशी चौथऱ्यावर आपल्या मनात नेमकं काय होतं ते आठवून बघितलं, चकती समोर ठेवून बघावं तसं, काही न जुळवता. पिशवीचा एक बंद उसवला होता, ते आठवलं. तिच्या मानेवरचे केस आठवले. गुडघा दुखत असेल, असं वाटल्याचं आठवलं. बाकी काही नव्हतं.

फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं. सेक्रेटरीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं. चष्मा मीच घासून दिलेला आहे, त्यांना नीट दिसत होतं. "एवढं खरं तुमच्याकडे कुणी मागितलं होतं?" त्या म्हणाल्या, पण आवाज शाळेतला नव्हता. मी शिटी टेबलावर ठेवली. त्यांनी ती खणात टाकली, पंच नवा आला की त्याला द्यायला, आणि बाहेर पडताना मला जिना नीट दिसावा म्हणून दिवा लावला.

घरी आलो तेव्हा जिन्याच्या खिडकीत अजून संध्याकाळचा उजेड होता. दार उघडून आत जाववेना. चौथऱ्यावरच उभा राहून बायकोला फोन लावला. तिनं लगेच उचलला. "काय झालं? बरं आहे ना सगळं?" मी म्हणालो, बरं आहे. मग म्हणालो, "त्या दिवशी जिन्यात. मी तुला सांगितलं होतं ना, थांब म्हणायचं मनात होतं म्हणून."

"हं."

"नव्हतं. माझ्या मनात काहीच नव्हतं. ते मी मागाहून ठरवलं."

तिच्याकडे नळ चालू होता. तो बंद केल्याचा आवाज आला. मी बोलत राहिलो, न थांबता, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. "मी नुसता बघत होतो. तू एकेक पायरी उतरत होतीस, गुडघा दुखत असेल असं मला वाटलं. तेवढंच. दुसरं काही नाही."

"गुडघा?" ती म्हणाली. माझ्यासमोर जिना होता, वळणापर्यंतचा, आणि वळणावर कुणी नव्हतं. "गुडघा तर केव्हाच बरा झाला होता माझा. सव्वीस पायऱ्या आहेत हो आपल्याकडे. मी सावकाश उतरत होते."